दिवा मोठा झाला

मनवेलपाड्याच्या शाळेत नवीन बाई रुजू झाल्या की पहिल्या आठवड्यातच त्यांची आणि श्रीपतची एकदा गंमत व्हायची. बाई वर्गाच्या दारातून हाक मारायच्या, "श्रीपत, खडू आणा हो." श्रीपत डबा घेऊन यायचा, झाकण काढून आत बघायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "बाई, यातले चार वाढलेत." बाईंना वाटायचं, बरं झालं, चार जास्तीचे मिळाले. डब्यात हात घातला की चार खडूंचे आठ तुकडे हाताला लागायचे. मग कुणीतरी जुन्या बाई हसत समजावून सांगायच्या, की आमच्या श्रीपतकडे काही फुटत नाही, तुटत नाही आणि विझत तर मुळीच नाही. त्याच्याकडे सगळं वाढतं, नाहीतर मोठं होतं.

आता बांगडी वाढली, नारळ वाढवला असं आपणही म्हणतोच. अभद्र शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून तो वळसा. पण श्रीपतच्या आईने हा वळसा जरा जास्तच मनावर घेतला होता. चांदीप गावातल्या तिच्या घरात पाटी वाढायची, मडकं वाढायचं, वहाणेचा अंगठा वाढायचा. आणि संध्याकाळी देवापुढचा दिवा गेला की तो मोठा व्हायचा. 'विझला' हा शब्द कुणी उच्चारला तर ती हातातलं काम तसंच टाकून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. बोलणारा लहान असेल तर टपली बसायची, मोठा असेल तर त्याला त्या दिवशी घरात चहा मिळायचा नाही. म्हातारी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण आपली भाषा तिने लेकाच्या जिभेवर ठेवून दिली होती. श्रीपत चव्वेचाळीस वर्षांचा झाला, मिशा पिकायला लागल्या, तरी त्याला तो शब्द म्हणता यायचा नाही. आठवायचा, पण ओठांपर्यंत येऊन परत फिरायचा.

श्रीपत शाळेचा शिपाई. म्हणजे आपण म्हणायचं शिपाई, कागदावर तो नऊ वर्षं 'हंगामी' होता. भाताचा हंगाम असतो, आंब्याचा असतो, पण नऊ वर्षं चालणारा हंगाम फक्त सरकारी कागदालाच ठाऊक. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर समाप्ती, पुन्हा जूनमध्ये नेमणूक. काम मात्र कायमचंच. सकाळी सातची शाळा, म्हणून साडेसहाला फाटक उघडायचं, वर्ग झाडायचे, माठात पाणी भरायचं आणि सातला पाच कमी असताना रुळाच्या लटकवलेल्या तुकड्यावर पहिला टोला द्यायचा. त्या टोल्यावर आसपासच्या चाळींतली माणसं घड्याळं लावायची. नऊ वर्षांत तो टोला एकदाही चुकला नव्हता, आणि या गोष्टीचा श्रीपतला मनातून फार अभिमान होता. बोलून दाखवायचा नाही, पण टोला दिल्यावर हातोडी खाली ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर तो दिसायचा.

चांदीपहून शाळेत यायचा तो सायकलने. साडेपाचला घर सोडायचं, तासाभरात शाळा. थंडीच्या दिवसांत हा सगळा रस्ता अंधाराचा, आणि त्यातल्या निम्म्या रस्त्यावर तर त्या वेळी खांबच नव्हते. म्हणून श्रीपतने विरार पूर्वेच्या आग्नेलकडून सायकलला डायनमो बसवून घेतला होता. आग्नेलचं सायकल दुरुस्तीचं दुकान शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे. डायनमोची छोटी बाटली मागच्या चाकाला टेकवायची, चाक फिरलं की बाटली फिरते आणि हँडलवरचा दिवा लागतो. सेल नको, तेल नको. पाय चालले की दिवा चालतो, पाय थांबले की दिवा थांबतो. सायकल चालवणाऱ्याला यात काही नवल वाटायचं नाही. पण सायकल न चालवणारी माणसंही जगात असतात, हे श्रीपतला अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात कळलं.

त्या महिन्यात शाळेत एक मोठी गोष्ट घडली होती. जुने कायम शिपाई निवृत्त झाले आणि जागा मोकळी झाली. मुख्याध्यापिका मीरा पोंक्षे, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, त्यांनी श्रीपतचं नाव कायम करण्यासाठी पाठवायचं ठरवलं. त्याचा एक अर्ज आला, अकरा रकान्यांचा. जानेवारीच्या तीस तारखेला तो वरच्या कार्यालयात पोहोचायला हवा होता. तोपर्यंत गेला नाही तर जागा दुसऱ्या शाळेतल्या जास्त झालेल्या माणसाला जाणार, आणि श्रीपतचा हंगाम संपणार तो कायमचाच.

रविवारी दुपारी श्रीपतने पाटावर अर्ज ठेवून, हात धुऊन पुसून, दहा रकाने भरले. बायको जिजा शेजारी बसून प्रत्येक अक्षर बघत होती, जसं काही ती परीक्षक होती. अकरावा रकाना असा होता : 'आपणास कोणत्याही न्यायालयाने दंड अथवा शिक्षा केली आहे काय?' श्रीपत हसला. म्हणाला, "याला काय, एक शब्द. सोमवारी शालेत बसून लिवतो." आणि अर्ज घडी न करता वहीत ठेवला.

सोमवारी पहाटे, शाळेच्या वाटेवरच्या फाट्यावर नाकाबंदी होती. सातिवलीकडच्या गोदामांत दोन चोऱ्या झाल्या होत्या, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत होते. हवालदार पाठमोरा उभा राहून एका ट्रकवाल्याशी बोलत होता. ट्रकच्या मोठ्या दिव्यांचा झोत रस्त्यावर पडलेला, त्या उजेडात सायकलचा उजेड कुणाला दिसणार? हवालदार वळला तेव्हा सायकल त्याच्या पुढ्यात आलेली. त्याने काठी आडवी केली. श्रीपत ब्रेक दाबून उतरला. तेवढ्यात ट्रक निघून गेला आणि सगळीकडे अंधार झाला.

"दिवा कुठाय रं?" हवालदाराने विचारलं. माणूस देशावरचा होता, महिन्याभरापूर्वीच बदलून आलेला.

"हा काय साहेब." श्रीपतने हँडलकडे बोट दाखवलं.

"त्यो लागलाय कुठं?"

"आता मोठा झाला."

हवालदाराने वाकून बघितलं. काळाठिक्कर दिवा. "काय झाला?"

"मोठा झाला, साहेब. थांबलं का मोठा होतो."

हवालदार रात्रभर उभा होता. थंडीने कान दुखत होते, चहा आला नव्हता, आणि समोर एक माणूस अंधाराकडे बोट दाखवून दिवा मोठा झाला म्हणत होता. कुणाचंही डोकं फिरलं असतं. "सकाळ सकाळ टाकून आलास व्हय?"

"नाय साहेब. च्या पन नाय घेतला." श्रीपतने खरं तेच सांगितलं. मग त्याला वाटलं, बोलण्यापेक्षा दाखवावं, म्हणून त्याने पेडलवर पाय ठेवला. हवालदाराने मागून कॅरियर धरलं. "पळतोस?"

झालं. वही निघाली. विना दिवा सायकल चालवणे. आणि खाली एक ओळ, विचारले असता चालकाने चेष्टेने उत्तरे दिली. "दंड भर आणि सूट," हवालदार म्हणाला. श्रीपतचा हात खिशाकडे गेलाही होता. पण 'दंड' हा शब्द कानावर पडला आणि त्याच्या डोळ्यापुढे अकरावा रकाना उभा राहिला. हात तिथेच थांबला.

"दंड नको, साहेब. दिवा होता."

"मग कोर्टात सांग जा," म्हणून हवालदाराने कागद फाडून त्याच्या हातात दिला. अकरा जानेवारीची तारीख.

त्या दिवशी शाळेचा पहिला टोला सात वाजून बारा मिनिटांनी पडला आणि तो कारकून प्रल्हादने दिला. प्रल्हाद तिशीतला, मनवेलपाड्यातच राहणारा, सगळ्या गोष्टींची सोपी वाट माहीत असलेला माणूस. त्याने सगळी हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला.

"अहो श्रीपतदादा, तिथल्या तिथे दंड भरला असता तर कोर्टाचा संबंधच नव्हता! रकान्यात 'न्यायालयाने' असं लिहिलंय. आता तुम्ही स्वतःच्या पायाने न्यायालयात चाललात."

हे श्रीपतच्या लक्षातच आलं नव्हतं. तो खाली बसला. रकाना चुकवायला म्हणून तो निघाला होता आणि नेमका रकान्यातच जाऊन पडला होता.

"घाबरू नका," प्रल्हाद म्हणाला. "तिथे 'कबूल' म्हणायचं, काय असेल ते भरायचं, आणि इथे 'नाही' लिहायचं. सायकलचं कोण बघायला येतंय? टेन्शन नाय घ्यायचं."

श्रीपत म्हणाला, "प्रल्हाद, तो अर्ज कुठं ठेवनार?"

"ऑफिसच्या कपाटात. एक प्रत आपल्याकडे राहते."

"त्या कपाटाचं कुलूप रोज सकाली कोन उघडतं? मीच ना? मंग रोज मना ते आत बसलेलं दिसनार."

प्रल्हादने सोपी वाट सोडली आणि त्याला मोठ्या बाईंकडे नेलं. मोठ्या बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एवढंच म्हटलं, "श्रीपत, खोटं लिहा असं मी सांगणार नाही. खरं लिहून अर्ज पाठवला तर तो परत येईल, हेही सांगते. तारखेला रजा घ्या." मग म्हणाल्या, "पण त्या पोलिसाला साध्या शब्दांत का नाही सांगितलंत?"

हाच प्रश्न संध्याकाळी जिजाने विचारला, जरा वरच्या पट्टीत. "अवो, तुमची आई गेली, पन तिचं बोलनं काय जाईना. तो परगावचा मानूस, त्याला काय समजनार? सादं विजला म्हनायचं, तर..." आणि बोलता बोलता तिचीच जीभ अडखळली. तिने चटकन देवळीतल्या दिव्याकडे बघितलं. दिवा आपला जळत होता. तिने दोन्ही कानांना हात लावला.

"बघ," श्रीपत म्हणाला. "तुला तरी कुठं जमलं?"

दोघंही हसले. पण जेवताना श्रीपतचा घास पुढे सरकेना. नऊ वर्षं, तो मनात म्हणत होता, नऊ वर्षं एक टोला चुकला नाही, आणि सगळं जाणार ते एका शब्दावरून. त्याला राग आला, हवालदाराचा आला, स्वतःचा आला, आणि जेवणाच्या ताटासमोर बसून क्षणभर आईचाही आला. तो आला याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

अकरा तारखेला तो वसईच्या कोर्टात गेला. सायकलनेच गेला, दोन तासांचा रस्ता. कोर्टात किरकोळ गुन्ह्यांची रांग होती आणि काम एका तालावर चाललं होतं. नाव, गुन्हा, कबूल? कबूल. दंड. पुढचा. कबूल? कबूल. पुढचा. रिक्षावाले, टेम्पोवाले, फळांच्या गाड्या लावणारे. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, लाईटचं बिल भरायला आल्यासारखे सगळे पुढे सरकत होते. श्रीपतचं नाव आलं. वाचून झालं. "कबूल?"

"नाय."

ताल चुकला. लिहिणाऱ्याचं पेन थांबलं, आणि न्यायाधीश मॅडमनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर करून समोरच्याचं तोंड बघितलं. पन्नाशीच्या बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. "वकील आहे?"

"नाय."

"साक्षीदार?"

श्रीपतने विचार केला. "सायकल," तो म्हणाला.

रांग हसली. मॅडम हसल्या नाहीत. हवालदाराला बोलवायचं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली, एकोणतीस जानेवारी, शुक्रवार. आणि अर्ज जायचा होता शनिवारी. तो पाकिटात घालून कार्यालयात नेऊन देण्याचं कामही शिपायाचंच होतं.

मधल्या अठरा दिवसांत श्रीपत दोनदा आग्नेलच्या दुकानात जाऊन आला. आग्नेलने सायकल उलटी करून डायनमो तपासला, तारा बघितल्या, वायसर आवळला. "एकदम ओके आहे," तो म्हणाला. "पण बल्ब जुना झालाय रे, पिवळा पडतो. थांब, नवीन टाकतो. कोर्टात कसा लख्ख पडेल बघ."

"नको," श्रीपतने त्याचा हात धरला. "त्या दिवशी हाच होता. हाच नेनार."

"अरे बाबा, बल्बला कोण ओळखतंय?"

"मी वलखतो."

आग्नेलने क्रूस काढावा तसा हात कपाळाला लावला. "श्रीपत, तू चर्चमध्ये असतास ना, तर तुझ्या पापांचं कुमसार ऐकताना फादरला झोप आली असती. सांगायला पाप काय, एवढंसं नाही." मग त्याने तोच बल्ब काढून, फडक्याने पुसून परत बसवला. "पुसलेला चालेल ना साहेब?" पुसलेला चालला.

एकोणतीस तारखेला जिजाने भाकरी बांधून दिली आणि देवापुढे एक वात जास्त लावली. श्रीपतने कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली सायकल लावली, कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली. त्याचं नाव दुपारी पुकारलं. हवालदार आधीच उभा होता, इस्त्रीच्या गणवेशात, दिवसाउजेडी बराच तरुण दिसणारा. त्याने वही बघून सांगितलं, काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. आरोपीच्या सायकलीचा दिवा बंद होता. विचारलं असता आरोपी म्हणाला, दिवा मोठा झाला आहे. पुन्हा विचारलं असता पुन्हा तेच म्हणाला.

या वेळी सगळं कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला, "अजून मोठा झाला असता तर सूर्य झाला असता!" पट्टेवाल्याने दटावलं तेव्हा हसू थांबलं. श्रीपत खाली मान घालून उभा होता. त्याला वाटलं, हे सगळे आपल्याला हसत नाहीत, देवाघरी गेलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला हसताहेत, आणि तिला इथे आणून उभं केलं ते आपणच. आयुष्यात इतकं वाईट त्याला क्वचितच वाटलं होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुमच्या घरी," त्यांनी सावकाश विचारलं, "बांगडी फुटली तर काय म्हणतात?"

"वाढली, मॅडम."

"आणि रात्री समई... निजायच्या आधी?"

"मोठी केली म्हनतात. आई दुसरं बोलू देत नव्हती."

मॅडम हवालदाराकडे वळल्या. "तुमच्या गावाकडे दिव्याला काय म्हणतात हो?"

हवालदार गोंधळला. साक्षीत हा प्रश्न येईल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "आमच्याकडं... दिवा शांत झाला म्हणत्यात, मॅडम. आज्जी म्हणायची." आणि म्हणता म्हणताच त्याचं त्याला काहीतरी उमगलं. त्याने पहिल्यांदाच श्रीपतकडे नीट बघितलं. "म्हंजी हा... चेष्टा नव्हता करत?"

"नव्हता," मॅडम म्हणाल्या. "माझ्या आजोळी मोठा झालाच म्हणायचे. चाळीस वर्षांनी ऐकला मी हा शब्द." मागच्या बाकावरचा तो माणूस आता पुढे वाकून ऐकत होता. "पण," त्या श्रीपतला म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा कोर्टाचा झाला, "शब्द समजला म्हणून दिवा होता असं सिद्ध होत नाही. तो लागतो का?"

"चाक फिरलं का लागतो. थांबलं का... तो मोठा होतो."

"आणा सायकल."

पट्टेवाला हबकला, पण सायकल आली. कोर्टाच्या मागे जुन्या कागदांच्या खोलीकडे जाणारा एक बोळ होता, खिडकी नसलेला, भरदुपारी अंधारा. तिथे सायकल स्टँडवर उभी केली. मॅडम आल्या, हवालदार आला, सरकारी वकील आले, आणि कबूल म्हणायला थांबलेली निम्मी रांगही आली. श्रीपत खाली वाकला, हाताने पेडल धरलं आणि फिरवलं. मागचं चाक गरगरलं. दिवा लागला नाही.

त्याने जोरात फिरवलं. दिवा लागला नाही. कुणीतरी च्च् केलं. श्रीपतच्या कपाळावर घाम आला, त्याला आग्नेलचा नवा बल्ब आठवला. अकरावा रकाना तर असा दिसायला लागला, की जणू त्यात कुणी लिहूनही टाकलंय. मोठ्या बाईंना काय सांगायचं, जिजाला काय सांगायचं?

"अहो," मागून हवालदाराचा आवाज आला, "ती बाटली टेकवली न्हाई तुम्ही चाकाला."

श्रीपतने बघितलं. खरंच की! सकाळी उजाडल्यावर निघाला होता, दिव्याचं काम नव्हतं, म्हणून बाटली वर केलेलीच होती. त्याने खटका दाबला, बाटली टायरला टेकली. पेडल फिरवलं. घर्र आवाज आला आणि बोळात उजेड पडला. पिवळा, जुन्या बल्बचा, पण चांगला सणसणीत. तो समोरच्या भिंतीवर पडला, कागदांच्या गठ्ठ्यांवर पडला, हवालदाराच्या पट्ट्यावरच्या पितळेवर पडला. श्रीपत फिरवतच राहिला, थांबवावंसं त्याला वाटेना.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "थांबवा आता."

त्याने हात काढला. चाक हळूहळू मंदावलं, उजेड तांबूस झाला, बारीक झाला आणि गेला.

"हं," अंधारातून न्यायाधीश मॅडमचा आवाज आला. "मोठा झाला."

निकाल दोन ओळींचा होता. त्यातला श्रीपतला एकच शब्द नीट ऐकू आला, निर्दोष. बाहेर येऊन त्याने पिंपळाखाली भाकरी सोडली आणि पहिला घास तोंडात घातला तेव्हा त्याला रडूच आलं. भाकरी तशीच हातात धरून तो थोडा वेळ रडला. हवालदार मोटारसायकलवर बसून निघाला होता, तो बघून थांबला, काही बोलावं की नाही याचा विचार केला, आणि नुसता हात वर करून गेला.

शनिवारी सकाळी श्रीपतने टोला वेळेवर दिला. मग ऑफिसात जाऊन, हात धुऊन पुसून, अकराव्या रकान्यात एक शब्द लिहिला, 'नाही'. प्रल्हाद खांद्यावरून बघत होता. "एवढ्यासाठी इतकं सगळं केलंत, दादा. तोच शब्द मी तुम्हाला महिन्याभरापूर्वी सांगितला होता."

"तवा तो तुजा होता," श्रीपत म्हणाला. मोठ्या बाईंनी सही केली, पाकीट बंद केलं आणि त्याच्याच हातात दिलं. वरच्या कार्यालयातून उत्तर कधी येईल, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. पण श्रीपतला त्या दिवशी त्याची चिंता वाटली नाही. परत येताना तो आग्नेलच्या दुकानाशी थांबला आणि त्याने नवा बल्ब मागितला. आग्नेल म्हणाला, "आता बरा चालतो!" आणि दोघं खूप हसले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फाट्यावर पुन्हा नाकाबंदी लागली. पहाटेचे सहा वाजत होते. ट्रकांची रांग थांबलेली, दोन रिक्षा थांबलेल्या, एक दूधवाला मोटारसायकलवरून उतरून कागद शोधत होता. लांबून श्रीपतचा नवा, पांढराशुभ्र दिवा येताना दिसला. काठी दिसली म्हणून श्रीपतने सवयीने ब्रेकला बोटं लावली, सायकल हळू झाली, दिवा तांबूस व्हायला लागला.

तेवढ्यात हवालदाराने काठी खाली केली आणि दोन्ही हात हलवत ओरडला, "थांबू नका हो! चला, चला! दिवा मोठा होईल!"

दूधवाल्याला काहीच कळलं नाही. श्रीपतने ब्रेक सोडला, पेडलवर जोर दिला आणि लख्ख उजेडात तो हवालदाराच्या शेजारून पुढे निघून गेला.